टगवर पहिल्यांदा चढणाऱ्या पोरासाठी: मोठं जहाज धक्क्याला लावताना

माझ्या बहिणीचा मुलगा येत्या सोमवारपासून मुरगाव बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीवर, खलाशी म्हणून चढतोय. रविवारी घरी जेवायला आला होता. बांगड्याच्या हुमणात भात कालवता कालवता म्हणाला, "मामा, पहिल्या दिवशी मी नक्की काय करू?" मी सांगायला बसलो. ताटातला भात गार झाला तरी आमची गाडी हिविंग लाइनच्या, म्हणजे जहाजावरून आधी टाकतात त्या बारीक दोरीच्या, पुढे सरकली नव्हती. मी एकतीस वर्षं टगवर काढली, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे टग चालवणारा प्रमुख म्हणून. म्हणून राहिलेलं सगळं आता लिहून काढतोय. त्याच्याबरोबर त्याच्यासारख्या इतरही पोरांच्या हाती पडलं तर बरंच.

आधी एक काम कर. चढायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सड्यावर जा. जपानी गार्डनच्या कठड्याशी उभा राहा आणि एखादं जहाज आत येताना पूर्ण बघ. अधूनमधून मोबाइलकडे बघू नकोस. वरून जहाज मोठं दिसेल आणि त्याच्या बाजूच्या दोन टगा आगपेटीएवढ्या. आता जहाजाकडे बघणं सोड आणि फक्त टगा बघ. तासाभरातला बहुतेक वेळ त्या जोर लावत नसतात, नुसत्या जहाजाबरोबर चालत असतात. दोर सैल असतो. मग मध्येच कधीतरी दोर ताठ होतो, मागे पाणी फेसाळतं, मिनिटभर तसंच राहतं आणि परत सैल. आपलं सगळं काम त्या मिनिटांसाठी असतं. बाकीचा वेळ त्या मिनिटासाठी योग्य जागी असण्यात जातो.

टग कशाला लागते

हे माहीत नसलं तरी काम करता येतं, पण माहीत असलं की हुकूम येण्याआधीच हात तयार राहतो.

मोठं जहाज खुल्या समुद्रात ऐटीत चालतं, कारण सुकाणूवरून पाणी वेगाने वाहत असतं. बंदरात वेग कमी केला की सुकाणूला पाणी मिळत नाही आणि जहाज ऐकेनासं होतं. त्यातून जुनी अटलांटिकवरची प्रवासी जहाजं तर फारच अवघड. १९३६ साली पहिल्या सफरीला निघालेलं 'क्वीन मेरी' ३१० मीटर लांब होतं. पाण्यातले पंखे (प्रोपेलर) चार, पण सुकाणू एकच. बाजूला सरकवणारे थ्रस्टर नाहीत. वाफेची टर्बाइनं पुढची मागे फिरवायची तर वेळ लागायचा. न्यूयॉर्कला हडसन नदीच्या प्रवाहात असं जहाज काटकोनात वळवून दोन धक्क्यांच्या फटीत घालायचं म्हणजे टगांचा ताफाच लागायचा, आणि शक्यतो भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं ती वेळ साधायची. १९३८ साली तिथल्या टगवाल्यांनी संप केला, तेव्हा कप्तान रॉबर्ट आयर्विंग यांनी ते जहाज एकाही टगशिवाय धक्क्याला लावलं. दोर धक्क्यावर देऊन, कोपऱ्याचा आधार घेत, इंच इंच. आमच्या कामात ही गोष्ट मानाने सांगतात. मला ती एवढ्यासाठी आवडते की टगने नेमकं काय करायचं असतं ते तिच्यात दिसतं: आधार द्यायचा आणि घाई होऊ द्यायची नाही.

टगची सुरुवातही अशीच शांत कामातून झाली. स्कॉटलंडच्या कालव्यात १८०३ साली विल्यम सिमिंग्टनच्या 'शार्लट डंडास' या वाफेच्या बोटीने ७०-७० टनांचे दोन पडाव सुमारे तीस किलोमीटर ओढून ग्लासगोला नेले. पुढे शिडाच्या जहाजांना वारा पडला की बंदरात आत आणायला हीच युक्ती कामी आली.

आताच्या क्रूझ जहाजांना पुढे दोन-तीन थ्रस्टर असतात, मागे सगळीकडे फिरणारे पंख्यांचे पॉड असतात. ती स्वतःच आडवी सरकतात. म्हणून बऱ्याचदा टग नुसती सोबतीला असते. तेव्हा ढिलं राहू नकोस. थ्रस्टर बंद पडलं तर ते सांगून पडत नाही.

सगळ्यात आधी दोर

टगवर चढलास की पहिल्यांदा इंजिनाकडे जाऊ नकोस, केबिनमध्ये बॅग टाकायलाही जाऊ नकोस. ओढायचा दोर बघ. विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावरून, हातभर हातभर बाहेर काढ आणि तळव्याने चाचप. आताचे दोर एचएमपीई नावाच्या कृत्रिम धाग्याचे, वजनाला हलके, पाण्यावर तरंगणारे, आणि त्याच जाडीच्या तारेइतके बळकट. पण ते कापले जातात. दोर ज्यातून बाहेर जातो त्या फेअरलीडच्या लोखंडाला कुठे गंज असेल, वेल्डिंगचं टोक राहिलं असेल, तर एका खेपेत धागे पिंजून निघतात. दोरावर लव आल्यासारखी दिसली तर ती घासणीची. थोडी असली तर चालते, पण एका जागी दाट झाली की तांडेलला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, दाखव. कडक, चकचकीत झालेला भाग लागला तर तोही दाखव. तिथे दोर उष्णतेने वितळलाय. टोकाचा फास आणि त्यावरची कापडी खोळ रोज बघायची. दोर बहुतेक वेळा फासापाशीच जातो.

माझे वडील पडावावर होते. ते काथ्याच्या दोराची गोष्ट सांगायचे. तो ताणला जायचा, तरंगायचा, आणि तुटायच्या आधी कुरकुरायचा. तुटण्याआधी आवाज करणारा दोर तुला आता मिळणार नाही. नायलॉन पुष्कळ ताणला जातो आणि तुटला की परत येतो. एचएमपीई ताणला जात नाही म्हणून सुरक्षित, असं कोणी सांगेल तर ऐकू नकोस. तोही परत येतो. पन्नास टन ओढत असलेला दोर तुटला की त्याचं टोक डोळ्याला दिसत नाही.

माझ्याबरोबर चिपी गावचा एक खलाशी होता. मुरगावला नव्हे, मी सुरुवातीला दुसऱ्या एका बंदरात होतो तिथे. वेंगुर्ल्याच्या जत्रेला जायची सुट्टी त्याने काढलेली, दुसऱ्या दिवशी निघणार होता. दोर ताणलेला असताना तो डेकवरचं वेटोळं पायाने बाजूला करायला गेला. दोर तुटला नाही, नुसता अर्धा हात सरकला. वेटोळ्यात त्याचा घोटा होता. पुढे तो चालायला लागला, पण टगवर परत आला नाही. त्या दिवसापासून माझ्या डेकवर नियम एकच: दोरात जोर असताना मागच्या डेकवर कोणीही नाही. विंचवर असलेल्यानेही आडोशाला उभं राहायचं. वेटोळ्यात कधीही पाय नाही, दोर सैल असला तरी नाही. सैल दोर ताठ व्हायला पायलटच्या, म्हणजे जहाजावरून टगांना हुकूम देणाऱ्या बंदराच्या वाटाड्याच्या, तोंडून एक शब्द निघावा लागतो, आणि तो शब्द तू ऐकलेला नसतोस.

दोर वर कसा देतात

जहाज आत येताना टग त्याच्या मागोमाग किंवा नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला चालते. वरून जहाजाचा खलाशी हिविंग लाइन टाकतो. बारीक दोरी, तिच्या टोकाला गाठ, माकडाच्या मुठीसारखी. ती गाठ डोक्यात बसू शकते. म्हणून वर हात गेलेला दिसला की हेल्मेट असलं तरी बाजूला हो, गाठ डेकवर पडू दे, मग उचल. झेलायला जाऊ नकोस. काही जहाजांवर अजून गाठीच्या आत लोखंडाचा नट घालतात. अशी मिळाली तर सारंगाला दाखव, तो पायलटला सांगेल.

हिविंग लाइन हातात आली की तिला आपली मेसेंजर, म्हणजे मोठा दोर वर ओढून नेणारी मधली दोरी, बांध. दोन दोर जोडायची शीट बेंड गाठच मार, आणि डबल. इथे सगळी पोरं एक चूक करतात. गाठ मारल्यावर ती वर जाताना बघत उभी राहतात. गाठ सुटली तर मेसेंजर परत खाली येते. बांधलीस, हात वर केलास की मागे हो. मेसेंजरमागोमाग मोठा दोर जातो, वरची माणसं तो विंचवर घेऊन फास बिटवर, म्हणजे डेकवरच्या लोखंडी खुंटावर, टाकतात. त्यांनी हात आडवा करून खूण केली की दोर बांधला गेला. ती खूण बघायचं काम तुझं. सारंगाला ती व्हीलहाउसमधून, म्हणजे टग चालवायच्या केबिनमधून, दिसतेच असं नाही. तू वॉकीटॉकीवर सांगितल्याशिवाय त्याने जोर लावायचा नाही.

बिटवर किती टन चालतात ते जहाजावर वेल्डिंगने लिहिलेलं असतं. आपली टग साठ टन ओढणारी आणि वरचा बिट चाळीसचा, असं होतं. पायलट विचारतोच. आपणही विचारायचं, त्यात कमीपणा नाही.

जुन्या माणसांच्या तोंडी तुला 'आरिया' आणि 'हबेस' असे शब्द ऐकू येतील. आरिया म्हणजे खाली सोड, हबेस म्हणजे उचल, ओढ. आरिया पोर्तुगीजातून आलेला. गोव्यातलीच नव्हे, रत्नागिरीपासून कोचीपर्यंतची डेकवरची माणसं हेच बोलत आली. पण पायलटशी बोलताना इंग्रजी हुकूमच. आणि प्रत्येक हुकूम परत म्हणायचा, आपल्या टगचं नाव आधी घेऊन. माझ्या सुरुवातीच्या काळात पायलट तोंडाने शिट्टी वाजवायचा आणि आम्ही भोंग्याने उत्तर द्यायचो. शिट्टी तेव्हा पुन्हा वाजवून पडताळायचो, तसंच आता बोलून पडताळायचं. 'स्लो पुश' ऐकलंस आणि 'ओके' म्हणालास तर पायलटला कळत नाही की तू काय ऐकलंस.

वारा मोजायला शीक

आपल्या बंदरातली ही खास गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून, हलका. प्रवासी जहाजं शक्यतो सकाळी लवकर येतात, तेव्हा झुआरीचं पाणी तेलासारखं असतं. सगळं सोपं वाटतं. जहाज दिवसभर राहतं, लोक जुन्या गोव्याची चर्चेस, मंगेशी, फोंड्याकडची मसाल्याची बाग बघून येतात, आणि निघायची वेळ होते संध्याकाळी पाच-सहाची. तोवर वायव्येचा खारा वारा भरात आलेला असतो. आपले धक्के भूशिराच्या उत्तरेकडच्या अंगाला आहेत. हा वारा जहाजाला धक्क्यावर दाबून धरतो. सकाळी एका बोटाने आत आलेलं जहाज संध्याकाळी दोन टगांनी ओढून काढावं लागतं.

किती दाबतो ते एका पायलटने मला कागदावर मांडून दाखवलं होतं. मी तेव्हा तांडेल होतो. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अठराने भागायचं, आणि जहाजाची वाऱ्याला आडवी येणारी बाजू हजार चौरस मीटरमध्ये धरून तिने गुणायचं. उत्तर टनांत येतं. मोठ्या क्रूझ जहाजाची बाजू आठ हजार चौरस मीटर धर. वारा दहा मीटरचा, म्हणजे वीसेक नॉट. शंभर भागिले अठरा, साडेपाचच्या वर, गुणिले आठ: सुमारे ४४ टन. आता वारा पंधरा मीटरचा झाला, म्हणजे दीडपट. जोर दीडपट होईल असं वाटतं. तो होतो १०० टन. पन्नास टनांच्या दोन टगा पूर्ण जोरात, आणि तरीही जहाज जागच्या जागी.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय, तुला देईन. हे गणित करायचं काम तुझं नाही, पण संध्याकाळी खारीवाड्यावरच्या होड्यांचे बावटे ताठ दिसायला लागले की दोर आधीच बाहेर काढून तयार ठेवायचं काम तुझंच आहे.

पाण्याचं तुलनेने सोपं. आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक उधाणाला दोन मीटरच्या आसपास, भांगाला त्याहून बराच कमी. पण पावसात झुआरी भरून वाहते तेव्हा ओहोटीचा ओढा वेगळाच असतो. आणि वरून येणाऱ्या बार्जेसवर लक्ष ठेव. भरलेली बार्ज चटकन थांबत नाही.

जहाजाच्या अंगाशी जाताना

चालत्या जहाजाच्या नाळेपाशी पाणी दाबलं जातं, ते टगला बाहेर ढकलतं. जरा मागे सरकलास की जहाजाच्या पोटाशी पाणी वेगाने वाहतं, ते आत ओढतं. नाळेशी काम करताना हा ढकलण्या-ओढण्याचा बदल एका टगच्या लांबीत होतो. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट. म्हणून जहाज सहा नॉटच्या वर असताना नाळेला दोर घ्यायला जायचं नाही. सारंग जाणार नाहीच, पण तू डेकवर असताना पाणी कसं फिरतंय ते बघत राहा. त्यातून शिकशील.

पाण्याची ही ओढ किती असते त्याचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत असलेल्या जहाजाचं आहे. १० एप्रिल १९१२ ला 'टायटॅनिक' साउथॅम्प्टनहून निघालं तेव्हा टगांनी त्याला धक्क्यापासून सोडवलं होतं. ते स्वतःच्या पंख्यांवर पुढे निघालं आणि बाजूला बांधून ठेवलेल्या 'न्यूयॉर्क' नावाच्या जहाजाला पाण्याने ओढून घेतलं. 'न्यूयॉर्क'चे दोर एकामागून एक तुटले आणि ते 'टायटॅनिक'च्या मागच्या बाजूकडे फिरत आलं. 'व्हल्कन' नावाच्या टगने त्याला दोर घातला आणि आवरलं. दोघांत साधारण चार फूट अंतर उरलं होतं. हिमनगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मी नव्या पोरांना ही चार फुटांची सांगतो, कारण तिथे एका टगच्या डेकवर कुणीतरी वेळेवर दोर दिला होता.

आणखी एक. प्रवासी जहाजाची नाळ वर पसरट असते, मागची बाजूही पाण्यावर पुढे आलेली. वर होड्या लटकतात. आपला डोलकाठीचा शेंडा त्यात अडकू शकतो. जवळ जाताना तुझे डोळे वर हवेत. सारंगाला छताच्या वरचं दिसत नाही.

ढकलताना

जहाजाच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'टग' असं इंग्रजीत लिहून खुणा केलेल्या असतात. आत मजबूत फासळी असते ती जागा. तिथेच टेकायचं. दोन खुणांच्या मध्ये पत्रा पातळ, तिथे पोचा पडतो.

टेकणं हे सारंगाचं कसब. तू त्याला अंतर सांगायचंस. तीन मीटर, दोन, एक, अर्धा, टेकलो. आवाज सरळ ठेवून. टेकलं की आधी काहीच नाही. मग हळू, मग हुकुमाप्रमाणे. जहाज धक्क्याला लागताना त्याचा वेग सेकंदाला दहा-पंधरा सेंटीमीटर असतो, म्हणजे अर्ध्या विताच्या आसपास. पन्नास हजार टन अर्ध्या विताने सरकतंय आणि पुढे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी रबरी गादी, फेंडरमागे काँक्रीट. उभ्या माणसाला वाटतं जहाज हलतच नाही. धक्क्यावरचा एक खांब आणि जहाजाची एक खिडकी एका रेषेत धर, म्हणजे कळेल.

पांढऱ्या जहाजाला ढकलायचं असलं की आम्ही पुढच्या फेंडरवर धुतलेलं कॅनव्हास बांधायचो. टायरचा काळा पट्टा त्या पांढऱ्या रंगावर उमटला की जहाजाच्या माणसांना तो खाली उतरून घासावा लागतो. मला ते काम कधीच कमी महत्त्वाचं वाटलं नाही. वरून हजारभर माणसं कठड्याशी येतात, गोव्याची पहिली गोष्ट म्हणून आपली टग बघतात. लहान मुलं हात हलवतात. वर भाजलेल्या पावाचा वास येत असतो. तू हात हलवलास तर चालेल, पण विंचवरचा हात काढून नव्हे.

माझ्या आजोबांनी या बंदरात प्रवासी जहाजांचा एक वेगळाच दिवस बघितला होता. ऑक्टोबर १९४३. युद्ध चालू होतं, गोवा पोर्तुगिजांचा म्हणून तटस्थ. स्वीडनचं 'ग्रिप्सहोम' आणि जपानचं 'तेइया मारू' ही दोन जहाजं मुरगावला आली, कैदेत अडकलेले नागरिक बदलून घ्यायला. इकडून जपानी उतरले, तिकडून अमेरिकेचे, कॅनडाचे लोक, दोन्हीकडून हजारावर माणसं, आणि धक्क्यावरून एकमेकांजवळून चालत दुसऱ्या जहाजावर चढले. 'ग्रिप्सहोम' १९२५ चं, डिझेलवर अटलांटिक ओलांडणारं पहिलं मोठं प्रवासी जहाज. 'तेइया मारू' म्हणजे आधीचं फ्रेंच 'अरामिस'. आजोबा बंदरात हमाल होते. ते म्हणायचे, एवढी माणसं होती आणि आवाज नव्हता. तू ज्या भूशिराखाली काम करशील तिथेच हे घडलंय, हे मनात असू दे.

दोर आडवा येऊ द्यायचा नाही

टगला बुडवणारी गोष्ट लाट नसते, तिचाच दोर असतो. दोर मागे किंवा पुढे असतो तोवर टग त्याच्या जोरावर उभी असते. जहाज अचानक पुढे गेलं आणि दोर टगच्या बाजूला आला, तर तो तिला आडवी ओढतो. मधोमध आकडा असलेल्या जुन्या टगांना हा धोका फार. डेकची कड पाण्याखाली गेली की उरतात काही सेकंद. आताच्या फिरत्या पंख्यांच्या टगा पुष्कळ चपळ, तरी त्याही यातून सुटलेल्या नाहीत.

म्हणून तीन गोष्टी, यात सूट नाही. दोर बांधलेला असताना इंजिनरूमची आणि डेकवरची दारं बंद, कितीही उकडलं तरी. मे महिन्यात आत भट्टी असते, तरी बंद. दुसरं, दोर तातडीने सोडायचं बटण रोज सकाळी चालवून बघायचं, आणि ते कुठे आहे ते तुला अंधारात हाताने सापडलं पाहिजे. तिसरं, लाइफजॅकेट अंगावर, खुंटीवर नाही. सारंगाने 'सोड' म्हटलं की का विचारायचं नाही.

सोडताना

जहाज बांधून झालं, पायलटने 'लेट गो' म्हटलं, की सगळ्यांना घरचे वेध लागतात. माझी सगळ्यात वाईट संध्याकाळ इथेच झाली.

जहाज मालाचं होतं. वरच्या माणसांनी आमच्या दोराचा फास बिटवरून काढला आणि मेसेंजरने सावकाश खाली सोडायच्या ऐवजी नुसता टाकून दिला. तीस मीटर दोर पाण्यात. मी तेव्हा सारंग होतो. माझा पंखा फिरत होता, कारण मी जहाजापासून बाजूला निघालो होतो. विंचवरच्या पोराने ओरडून सांगितलं तोवर दोर पंख्याकडे ओढला गेला. एक धाड असा आवाज, मग सबंध टग थरथरली आणि ते इंजिन बंद पडलं. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं, आणि ब्रेकवॉटरचे दगड डाव्या हाताला. एका इंजिनावर टग सरळ धरवेना. नांगर टाकला, तो सरकत सरकत धरला. दुसऱ्या टगने येऊन आम्हाला धरलं तेव्हा दगडांवरचे शिंपले दिसत होते. पाणबुड्याला दोर कापायला तीन तास लागले.

तेव्हापासून मी काय करायचो ते सांगतो. दोर सोडायच्या आधी वरच्या माणसाकडे बघून हाताने खूण: हळू, मेसेंजरने. त्याने मान हलवेपर्यंत थांबायचं. भाषा कळत नसली तरी ही खूण सगळ्या देशांच्या माणसांना कळते. फास बिटवरून निघाला की विंच लगेच चालू, दोर पाण्यात पडायच्या आधी जितका आत येईल तितका आत. आणि दोर पूर्ण डेकवर येईपर्यंत सारंगाला 'क्लिअर' म्हणायचं नाही. निम्मा आला, तीन चतुर्थांश आला, असं सांग. शेवटचा फास डेकवर आपटल्याचा आवाज तू स्वतःच्या कानांनी ऐकलास की मगच 'सगळा आत' म्हण.

मग परत दोर. गोड्या पाण्याचा पाइप घेऊन धू, मीठ वाळलं की धाग्याधाग्यांत काचेसारखं कापतं. विंचवर घेताना थर एकावर एक नीट बसव, सैल थरात पुढच्या वेळी दोर रुततो. उन्हात उघडा ठेवू नकोस, वर ताडपत्री घाल. हे होईपर्यंत चहा नाही. चहा मग सारंग स्वतः देतो, निदान माझ्या टगवर मी द्यायचो.

सोमवारी येताना रबरी तळव्याचे बूट आण, स्लिपर नको. लोकरीचे नकोत, चामड्याचे हातमोजे आण. आणि बायण्याहून येत असशील तर अर्धा तास आधी निघ. सड्याच्या चढावर ट्रक लागले की गाडी जागची हलत नाही, आणि टग कुणासाठी थांबत नाही.